पूजेतलं मशीन

दसऱ्याच्या सकाळी सावद्याच्या केळी सोसायटीत बेबाबाईंचं नाव कॉम्प्युटरवर सापडेना. कारकून सुनंदानं पुन्हा सभासद क्रमांक टाकला. पडद्यावर पुन्हा तेच उमटलं, ‘सभासद नाही’.

“काय वं बाई, मी जित्ती हाये ना?” बेबाबाई हसल्या, पण डोळे दाराकडेच. बाहेर कापणीची टोळी कोयते घेऊन ट्रकमध्ये बसून होती. घड भरले होते. आज वॅगनमध्ये चढले नाहीत तर झाडावरच पिवळे पडणार, आणि पिकली केळी दिल्लीपर्यंत कोण नेतो? टोळी छापील चिठ्ठीशिवाय हलत नसे. हातचिठ्ठीवरून वशिल्याची भांडणं झाली, म्हणून चेअरमन चुडामणनानांनीच तो नियम केलेला.

काल नोंद करता करता वीज गेली, तेव्हाच इंडेक्स बिघडला असणार. माहिती सगळी शाबूत. कोणाचं नाव कुठे आहे ते सांगणारी फाइल तेवढी वेडी झालेली. ती पुसायची, नवी बनवायची, झालं. पण पुसायला जावं तर मशीन म्हणे, ‘फाइल वापरात आहे’.

तिनं जळगावला नजीरभाईंना फोन लावला. कॉम्प्युटर त्यांनीच बसवले होते.

“दुसऱ्या मशीनवर उघडी असेल ती. तिथून नीट बाहेर पड. बटन मात्र बंद करू नको हां, आहे तेही जाईल.”

दुसरं मशीन नानांच्या केबिनमध्ये, बॅटरीवर. काल खंडेनवमीला त्याची पूजा झाली. पडदा उजळ दिसावा म्हणून सभासदांची यादी उघडून ठेवली होती ती सुनंदानंच. ती धावत आत गेली. मशीनला हार तसाच होता.

“हात नको लावू,” नाना म्हणाले. “भटजी दुपारी येतील. उत्तरपूजेआधी नाही.”

“नाना, एकच बटन दाबायचंय. बेबाअक्कांचा माल वाया जातोय.”

“मागल्या साली पूजेतली मोटर सुरू केली. माह्या पोराचा, पितांबरचा पंजा गेला. तुले ठाऊक नाही का?”

ठाऊक होतं. “पूजा मी उठवते. काही झालं तर मला होऊ दे,” ती म्हणाली खरी, आणि अक्षता घ्यायला वाकली. पण घरी पाळण्यात टाकून आलेली चिमणी लेक तोंड उघडून झोपलेली डोळ्यांपुढे आली, आणि हात तबकावरच थांबला.

“सर बाजूले. तू लेकुरवाळी,” मागून आलेल्या बेबाबाई म्हणाल्या. “माह्यं काय जायचं राह्यलं आता?”

सुनंदा सरकली. लगेच सरकली.

नानांनी मान फिरवली, पण नाही म्हटलं नाही. बेबाबाईंनी मशीनवर अक्षता टाकल्या, हात जोडले. “कोनतं?” सुनंदानं बटन दाखवलं. यादी मिटली.

बाहेर येऊन सुनंदानं फाइल पुसली. या खेपेला पुसली गेली. नवा इंडेक्स बनला, नाव निघालं, चिठ्ठी छापली.

“देख, जित्ती हाये!” बेबाबाई चिठ्ठी नाचवत निघाल्या.

सुनंदाला हसता येईना. आपण सरकलो तेव्हा किती बरं वाटलं होतं! ट्रक सुरू झाला तशी ती अनवाणीच पायरीपर्यंत धावली.

“अक्का, त्या कोयत्यांपासून लांब बसा!”

घरघराटात त्यांना ऐकू गेलं नाही. त्या टोळीत दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि हात हलवत होत्या.