दुसरा पट्टा

मित्रांनो, त्या रविवारी सरलाबाई चर्चमधून लवकर परतल्या. त्यांनी सहज माझ्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. मी गरम होते. रविवारी मी गरम असायला नको होते.

मी एक जुनी पिठाची चक्की आहे. रायपुरात, पंडरी बाजाराच्या मागे, निरंजनभाऊ आणि त्यांची बायको सरलाबाई यांच्या दुकानात माझा जन्म गेला. मोटरीवरून माझ्या चाकावर चामड्याचा पट्टा चढतो, तेव्हा मी फिरते. दर शनिवारी संध्याकाळी सरलाबाई तो पट्टा उतरवून खिळ्याला टांगत आणि सोमवारी चढवत. म्हणून शनिवारी दुप्पट दळण व्हायचं. रानात देवानं आपल्या लोकांना सहाव्या दिवशी दोन दिवसांचा मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारं अन्न, दिला होता, असं त्या गिऱ्हाइकांना सांगत.

"चक्कीले काहून सुट्टी?" निरंजनभाऊ हसत. "ते का प्रार्थना करते?"

"मिसर देशात गुलामायले सुट्टी नव्हती. म्हणून देवानं नोकराले देल्ली, बैलाले बी देल्ली. हे आपला बैलच हाय."

पवित्र शास्त्रात माझं नाव नाही. तरी मला ते फार बरं वाटलं होतं.

मग रायपूर राजधानी झालं. जिकडेतिकडे बांधकामं निघाली. मजुरांच्या जेवणाचा ठेका घेतलेला हिरालाल रविवारीही पीठ मागायला आला. "भैया, राजधानी बन गई, और तुम अभी तक इतवार मना रहे हो?"

निरंजनभाऊंनी दुसरा पट्टा आणला आणि पोत्यांखाली लपवला. सरलाबाई चर्चला गेल्या की तो माझ्यावर चढायचा. पहिला खिळ्यालाच असायचा. परत आल्यावर त्यांना तो दिसायचा. तीन महिने असं चाललं. माझा आवाज साऱ्या मोहल्ल्याला ऐकू जायचा. कोणी त्यांना सांगितलं नाही. मित्रांनो, फिरत तर मीच होते.

त्या रविवारी त्यांनी एवढंच विचारलं, "खिळ्यावरचा पट्टा मले दाखवाले ठेवला होता काय?"

निरंजनभाऊ म्हणाले, "हिरालालची अडचण होती."

"मी तिथं तुमच्यासाठी शांती मागून राहिली होती. आता शनिवारी तुमीच उतरवा."

त्यानंतर त्यांनी पट्ट्याला हात लावला नाही. "पुढच्या शनिवारी उतरवतो," निरंजनभाऊ म्हणत. असे पुष्कळ शनिवार गेले. मग काविळीनं सरलाबाई गेल्या.

देव सातव्या दिवशी थांबला तो थकून नाही. काम पुरं झालं होतं आणि चांगलं झालं होतं. आपण थांबतो ते उद्याचं तो पाहील म्हणून. तुमच्या घरात जो कोणी राबतो, त्याला एक दिवस द्या. आणि दिलेला दिवस चोरून परत घेऊ नका.

आता निरंजनभाऊ रविवारी मोटर बंद ठेवून माझ्याजवळ स्टूल टाकून बसतात. खिळ्यावरचा पट्टा वाळून तडकला आहे. दुसरा माझ्यावर चढलेला आहे. तो अजून उतरवलेला नाही.