डाव्या माळेखालच्या खुर्च्या

आमचे दाजी बोलायला लागले की मला कानात बोळे घालावेसे वाटतात, आणि माझा तर धंदाच आवाजाचा. दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा, आमच्या कंपनीचा मालक आणि मला हे काम शिकवणारा माणूस. तिन्ही एकच. त्यामुळे शिव्या घालायच्या म्हटल्या तरी अहो-जाहो करूनच घालाव्या लागतात.

त्या दुपारी, उद्घाटनाच्या काही तास आधी, नव्या सभागृहात ते हॉलच्या मालकाला सांगत होते, "साहेब, आम्ही स्पीकर लावत नाही. आम्ही अनुभव देतो." अनुभव देतात म्हणे! वर तुळईला पट्ट्याने बांधून घेऊन घाम गाळत होते मी, आणि खाली कडक इस्त्रीचा शर्ट घालून अनुभव देत होते हे. एकेकाळी हाच माणूस माझ्यापेक्षा भराभर वर चढायचा, खोटं कशाला बोलू. पण कंपनी मोठी झाली आणि दाजींचे हात खिशात गेले ते गेलेच. त्यांनी साधा स्क्रू उचललेला मी कैक वर्षांत पाहिलेला नाही.

काम काय होतं ते आधी सांगते, म्हणजे दाजींचा प्रताप नीट कळेल. स्टेजच्या दोन्ही बाजूंना छतापासून स्पीकरच्या पेट्यांची एकेक माळ सोडायची होती. एकीखाली एक अशा आठ पेट्या. माळ उचलते ती साखळीची मोटर, आणि मोटर अडकवलेली असते छताच्या तुळईला. प्रत्येक पेटीत दोन वायरी येतात, एक विजेची आणि एक नेटवर्कची. नेटवर्कवरून पेटीला कळतं की आपण वरून कितव्या, आपण कधी बोलायचं आणि किती मोठ्याने बोलायचं. आमच्या घरात हे कुणालाच कळत नाही, पण पेट्यांना कळतं. मोटरच्या वर एक वजनकाटा असतो, तोही त्याच नेटवर्कवर. माळेचं वजन तो खाली टॅबवर दाखवत राहतो. मर्यादेच्या आत असलं की आकडा हिरवा. बाहेर गेलं की लाल, आणि भोंगा.

सगळ्या वायरी मी स्वतः ओढल्या होत्या. कुठे पीळ नाही, कुठे ताण नाही. दोन्हीकडे आठ-आठ पेट्या वर गेल्या, आकडा हिरवा आला, पण काठावरचा हिरवा. एकेका तुळईवर तीनशे किलोच्या वर टांगू नका असं हॉल बांधणाऱ्या इंजिनिअरने नकाशावर लिहून दिलं होतं, आणि आम्ही तिथवर जवळजवळ पोचलोच होतो.

मग हॉलचा मालक मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला. गाणं सुरू असताना त्याने मान तिरकी केली आणि म्हणाला, "मागे जरा बारीक वाटतंय हो."

आता याला साधा उपाय आहे. मागच्या रांगांजवळ स्टँडवर दोन छोटे स्पीकर ठेवायचे, नेटवर्कवर जोडायचे, काम फत्ते. मी वरून ओरडून सांगितलंही. पण मालकाला स्टँड म्हणजे लग्नाचा मांडव वाटतो म्हणे, आणि दाजींना दिसत होतं या हॉलचं कायमचं कंत्राट. दाजी क्षणभरही न थांबता म्हणाले, "साहेब, दोन्हीकडे अजून चार-चार पेट्या लावतो. मग बघा."

मी सरसर खाली उतरले.

"दाजी, बारा पेट्या? चारशेच्या वर जाईल वजन. तुळई तीनशेची आहे."

"अगं, मर्यादा म्हणजे काय असतं?" आवाज एकदम मास्तरांचा. "लिहिणारा माणूस दुप्पट धरूनच लिहितो."

"ती दुप्पट आपल्याला चरायला ठेवलेली नसते. हे तुम्हीच मला शिकवलंय."

"मीच शिकवलंय ना? मग मलाच शिकवू नकोस."

झालं. याला म्हणतात चर्चा. मी मालकाकडे गेले, त्याला नकाशावरचा आकडा दाखवला. त्याने आकड्याकडे पाहिलं नाही, माझ्या मळक्या हातांकडे पाहिलं. "दाजी ठीक म्हणतात तर ठीकच असेल की," म्हणाला आणि फुलांचे गुच्छ कुठे ठेवायचे ते बघायला गेला. दाजी! त्याचा कोण लागतो हा माणूस? पण आमच्या दाजींना जगच दाजी म्हणतं, आणि यांनाही तेच हवं असतं.

ताईला फोन केला. ती कंपनीत भागीदार आहे, कागदोपत्री तरी. ती म्हणाली, "अगं, आज नको ना वाद घालूस. आम्ही निघतोय आता, आई पण येतेय, सासूबाई पण येतायत. ते उगाच काही करतील का? घरचाच माणूस आहे."

घरचा माणूस! हे दोन शब्द आमच्या घरात सगळ्या आजारांवरचं औषध आहेत.

"माझ्या हाताने मी नाही उचलणार," असं दाजींना तोंडावर सांगून मी उजव्या बाजूच्या वायरी तपासायला वर गेले. मला वाटलं, मी नाही म्हटल्यावर थांबतील. कसले थांबतायत! डावी माळ खाली आली, कंपनीतल्या पोरांनी तिला खालून आणखी चार पेट्या जोडल्या आणि मोटर घरघरत ती परत वर गेली. मी पट्टा सोडून, शिडी उतरून येईपर्यंत सगळा खेळ आटोपला होता. मोटर चालवायचा रिमोट दाजींच्या खिशात गेला होता, किल्लीसकट.

आणि टॅबवर आकडा हिरवागार.

मी दोनदा बघितलं. चारशे अठरा किलो, हिरवा. आमच्याकडे नेटवर्क सांभाळणारा एक मुलगा आहे, तो मान वर करतच नाही म्हणून त्याला सगळे लॅपटॉप म्हणतात. त्याच्या खांद्याला धरून विचारलं, "लॅपटॉप, हा हिरवा कसा?"

"दाजी म्हणाले, मर्यादा वाढव," तो स्क्रीनकडे बघत पुटपुटला. "पाचशे कर म्हणाले."

"आणि तू केलीस?"

"म्हणाले ना ते."

म्हणाले ना ते! वजन कमी करता येत नाही, तुळई जाड करता येत नाही, मग काट्यालाच गप्प बसवा. तापाने फणफणलेल्या माणसाचा थर्मामीटर खिशात घालून "बरा आहे हो" म्हणण्यातला प्रकार. मी लॅपटॉपला जे बोलले ते इथे सांगत नाही. तो रडवेला झाला, पण आकडा बदलायला त्याचे हात काही धजेनात.

आता करायचं काय? डाव्या माळेच्या बरोबर खाली पहिली रांग येत होती. तिथे पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्या होत्या, पाठीवर नावांची कार्डं बांधलेली. आई, ताई, ताईच्या सासूबाई, तिघी तिथेच, कारण दाजींना घरच्या बायका फोटोत पुढे हव्या होत्या. माझ्या आईला मी फरफटत नेऊन मागे बसवली असती. पण मग तिच्या खुर्चीत दुसऱ्या कुणाची तरी आई बसली असती. माळ खाली यायलाच हवी होती, आणि ती खाली आणणारं बटण दाजींच्या खिशात होतं. टॅब हिरवा दाखवत असताना माझं कोण ऐकणार? चिडकी मेहुणी, एवढीच माझी किंमत.

हात बांधून उभं राहणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी पोलादी तार घेऊन पुन्हा वर चढले. जास्तीचा आधार म्हणून माळेला बांधायची. ती तारही त्याच तुळईला बांधावी लागणार, म्हणजे उपयोग फारसा नाही, हे मला कळत होतं. तरी बांधत होते. आणि बांधता बांधता खाली पाहिलं.

दाजी पहिल्या रांगेत एकटेच होते. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. वर मात्र पाहिलं नाही. वर बघायची सवय मोडलेली. मग त्यांनी एक खुर्ची उचलली. दाजींनी, स्वतःच्या हातांनी, चांगली जड गादीची खुर्ची! पोटाशी धरून, धापा टाकत ती मधल्या रांगेत नेऊन ठेवली, जिथे वर छताशिवाय काहीच नव्हतं. उरलेल्या दोन खुर्च्या थोड्या सरकवून मधली फट बुजवली. शर्ट झटकला आणि गेले.

मी तार तशीच सोडून उतरले. त्या खुर्चीवरचं कार्ड वाचलं. सासूबाईंचं होतं. दाजींच्या आईचं.

माझ्या तर अंगाची लाहीलाही झाली. अरे, म्हणजे याला सगळं माहीत आहे! मला इतका वेळ वाटत होतं की हा माणूस गर्वाने आंधळा झालाय, शिकलेलं विसरलाय. विसरला कसला! एकूण एक आठवत होतं त्याला.

तेवढ्यात तिघी आल्या, फोटोसाठी लवकर बोलावलेल्या. मागोमाग पाहुणेही रेंगाळत आत यायला लागले होते. दाजी पुढे धावले, आपल्या आईचा हात धरून तिला मधल्या रांगेत बसवलं. माझी आई आणि ताई डावीकडे पुढे जाऊन बसल्या. आई पर्स मांडीवर घेऊन वरच्या पेट्यांकडे कौतुकाने बघत होती. "हे सगळं तू लावलंस होय गं?" मला विचारते!

मी सरळ सासूबाईंकडे गेले. त्यांना मी काकू म्हणते. मानपानाच्या बाबतीत काकूंचा हात कुणी धरणार नाही.

"काकू, तुम्ही मागे कशा? तुमची खुर्ची पुढे होती, आईशेजारी. दाजींनी स्वतः उचलून इथे आणली."

"काय?" काकू ताडकन उभ्या. "मला मागे टाकलं? विहीण पुढे आणि मी मागे?" काठी टेकत तरातरा गेल्या, ताईशेजारची रिकामी खुर्ची ओढली आणि डाव्या माळेच्या अगदी पोटाखाली बसल्या.

दाजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आई, ऊठ. इथे एसीचा झोत येतो."

"येऊ दे. मला उकडतंय."

"आई, इथून स्टेज वाकडं दिसतं."

"मीही वाकडीच झालेय आता. दिसेल मला."

"आई, ऊठ म्हणतो ना!" दाजी इतक्या जोरात ओरडले की मागच्या रांगांपर्यंत पोचलं. स्पीकर नसताना. मालक गुच्छ हातात घेऊन जागीच थांबला. दाजींनी आईच्या दंडाला धरून तिला अक्षरशः उपसून काढलं आणि मधल्या वाटेवर नेऊन उभं केलं. मग रुमालाने मान पुसली आणि हसले. हसले हो! आई बाजूला झाली, संपला प्रश्न. हात खिशाकडे गेलाच नाही.

"दाजी," मी म्हटलं, "मर्यादा दुप्पट धरून लिहिलेली असते ना? मग काकूंना बसू द्या की."

ताई माझ्याकडे बघत होती, मग वर बघितलं, मग नवऱ्याकडे. आकडेमोड तिला माझ्यापेक्षा लवकर जमते, लहानपणापासून. ती उठली नाही. आईचा हात हातात घेऊन तिथेच बसून राहिली.

"अहो," ती म्हणाली. आवाज अगदी घरातला, चहा ठेवू का विचारावं तसा. "सासूबाईंची खुर्ची हलवलीत. आमच्या दोघींच्या का नाही हलवल्या?"

"अगं, तसं काही नाहीये. ती आपली उगाच..."

"का नाही हलवल्या?"

दाजींनी मालकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खोटं सुचत असतं ना माणसाला, तर तेव्हा सुचायला हवं होतं. पण बायकोसमोर खरं तेच तोंडातून गेलं.

"तिन्ही हलवल्या असत्या तर रांग मोकळी दिसली असती," ते म्हणाले. "कुणीतरी विचारलं असतं."

ताईने मान हलवली. मग आईला हलकेच उठवलं, काकूंच्या शेजारी नेऊन उभं केलं आणि परत येऊन दाजींच्या समोर हात पसरला. रिमोट त्यांनी मुकाट्याने दिला. तो तिने माझ्या हातात ठेवला.

"दोन्ही माळा उतरव," ताई म्हणाली. "झालं की सांग. तुझ्याच गाडीतून जाऊ. मी आजपासून आईकडे राहणार आहे."