खिडकी बंद होईना

आता बघा, धम्मपालला फक्त झोप हवी होती. बाकी काही नको, प्रमोशन नको, नवी बाइक नको, झोप. चाकणच्या मोटारींच्या कंपनीत त्याची थर्ड शिफ्ट चाललेली. सकाळी बस रहाटणीच्या चौकात सोडणार, हा घरी येणार, अंघोळ करणार, दोन घास पोटात ढकलणार आणि गादीवर आडवा. आणि आडवा झाला रे झाला की समोरच्या प्लॉटवर सळया कापायचं मशीन चालू! तिथं टॉवर उठतोय ना, चौदा मजली. मशीन थांबलं की काँक्रीटचा मिक्सर, मिक्सर थांबला की मुकादमाचा आवाज, आणि तो मुकादम तर असा ओरडायचा की मिक्सर परवडला.

मग खिडकी लावून घ्यायची ना, असं तुम्ही म्हणाल. तिथंच तर घोडं पेंड खात होतं. बेडरूमची स्लायडिंगची खिडकी वीतभर उघडी राहून अडकलेली. काचेच्या खाली ती छोटी चाकं असतात बघा, दुकानात त्यांना बेअरिंग म्हणतात, ती झिजून पार सपाट. काच ढकलली की खर्रर्र करून जागच्या जागी. त्यानं फटीत उशी कोंबून पाहिली. उशी गेली बाहेर आणि चौथ्या मजल्यावरून थेट चेअरमनच्या गाडीच्या टपावर. चेअरमननं सोसायटीच्या ग्रुपवर उशीचा फोटो टाकला, 'ही कोणाची?' धम्मपाल आणायलाच गेला नाही. त्याची आई, शालनबाई, दोन दिवस म्हणत होती, "चांगला कापूस होता रे तिच्यात."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं हो. पण बुधवारी पहाटे कंपनीत एक गोष्ट झाली आणि ती त्यानं घरी कुणालाच सांगितली नव्हती.

धम्मपाल गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलायची गाडी, चालवायचा. आधी सहा वर्षं असेंब्ली लाइनवर उभ्यानं काढली, मग लायसन काढलं, परीक्षा दिली आणि गाडीची चावी मिळाली. शालनबाई पार गावाकडं नांदेडपर्यंत सांगून मोकळी, "माझा धम्मपाल आता कंपनीत गाडी चालवतो." तर त्या पहाटे गाडीवर बसल्या बसल्या त्याची मान कलली. क्षणभरच. डोळे उघडले तेव्हा किसन नावाचा लोडर समोर रॅकला पाठ लावून उभा होता, हातातला खोका तसाच, आणि गाडीचा लोखंडी दात त्याच्या पोटापासून चार बोटांवर थांबलेला. ब्रेक कधी दाबला ते धम्मपालला आजही आठवत नाही. किसननं कुणाकडं तक्रार केली नाही. खोका खाली ठेवला, घाम पुसला आणि एवढंच म्हणाला, "भावा, झोप पूर्ण करत जा राव."

आता सांगा, यावर माणूस झोपेल कसा? गुरुवारचा दिवस तर डोळे उघडे ठेवूनच गेला. डोळा लागला की तो दात दिसायचा, आणि दात दिसेनासा झाला की सळईचं मशीन. शुक्रवारी सकाळी बसमधून उतरतानाच त्यानं ठरवलं, आज खिडकी बंद झालीच पाहिजे. दुपारपर्यंत काम उरकायचं आणि मग संध्याकाळपर्यंत गाढ झोपायचं. रात्री परत गाडीवर बसायचं होतं, आणि समोर परत किसनच असणार होता.

काळेवाडीत नवनाथ नावाचा एकजण स्लायडिंगची कामं करतो. त्याला फोन लावला.

"एक खिडकी?" नवनाथ म्हणाला. "एका खिडकीला माणूस पाठवणं परवडत नाही भाऊ. चार-पाच जमवा, मग बघू."

"अरे जमवू काय? खिडक्या काय भिशीचे मेंबर आहेत?"

तो हसला आणि फोन ठेवला. पण धम्मपालच्या डोक्यात चार हा आकडा बसला. घरात खिडक्या चारच होत्या की! हॉलची, किचनची, दोन बेडरूमच्या. आणि सगळ्याच कुरकुरत होत्या. कंपनीतला माणूस ना तो, त्याला सहा वर्षं हेच शिकवलेलं: एक बेअरिंग गेलं की सगळा सेट बदला, आणि एकेक पीस करत बसू नका. आधी सगळे खोला, मग सगळे धुवा, मग सगळे फिट करा. वेळ वाचतो. झालं! हार्डवेअरच्या दुकानातून नमुना दाखवून पिशवीभर बेअरिंग आणली, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि भिडला.

स्लायडिंगची काच काढलीये का कधी? दोन्ही हातांनी उचलून वर ढकलायची, खालची कड ट्रॅकमधून सुटली की आत ओढायची. त्या वेळी ती इतकी जड लागते की हातातून सुटेल असं वाटतं. आणि हा रात्रभर जागलेला. एका खिडकीला दोन काचा, अशा आठ. एकेक काढून जिन्यानं गच्चीवर नेली, कारण लिफ्टमध्ये आडवी मावेना. तिथं पाइपनं धुतली, उन्हात भिंतीला टेकवली, उलटी करून जुनी बेअरिंग उपसली, नवी बसवली. शालनबाई खाली जुन्या टूथब्रशनं ट्रॅकमधली माती काढत होती. किती माती! कबुतराची पिसं, मेलेली झुरळं, दिवाळीच्या माळेचा एक बल्ब.

"काय करायलास रे बाळा," ती मधेच म्हणाली, "डोळे बघ कसे झालेत, तांबडे लाल. पड की जरा."

"एवढं झालं की पडतोच आई."

बारा वाजता सगळ्या काचा लखलखीत होऊन खाली आल्या आणि त्यानं बेडरूमची पहिली काच उचलली. वरच्या ट्रॅकमध्ये घातली. खाली बसेना. दाबली, बसेना. दुसरी घेतली. ती बसली, पण इतकी ढिली की डुगडुगायला लागली. तिसरी रुंदीलाच पुरेना, लावल्यावर मधे बोट जाईल एवढी फट.

तो थांबला. काचांकडं बघितलं. आठही काचा भिंतीला टेकलेल्या, एकाच बिल्डरच्या, एकाच रंगाच्या, आणि एकीवरही खूण नाही.

आता यात चूक झाली ती कुणाची म्हणायची? सहा वर्षं या माणसानं रॅकमधला कुठलाही दरवाजा उचलून लाइनवरच्या कुठल्याही गाडीला लावला होता, आणि तो बसला होता. एका मॉडेलचा पार्ट म्हणजे एकच माप, हे त्याच्या हाडात मुरलेलं. पण घराच्या भिंती काय कंपनीत बनतात का? गवंड्यानं जसा गिलावा केला तशी खिडकीची पोकळी झाली, आणि स्लायडिंगवाल्यानं त्या पोकळीत टेप धरून काच कापली. एक खिडकी दोन सूत कमी, दुसरी तीन सूत जास्त. प्रत्येक काच फक्त आपल्याच घरट्यात बसणार.

"आई, ही कुठली काच?"

"मला विचारतोस? आता काचेवर नाव असतंय का?"

"किचनची असेल तर तेलकट असेल ना."

"तूच तर घासून धुतलास की बाबा."

मग काय, ही काच तिथं, ती काच इथं. उचल, वर ढकल, बसत नाही, उतरव. त्यात नवी बेअरिंग बसवल्यानं प्रत्येक काच आधीपेक्षा वर उचललेली, त्यामुळं बरोबर काचसुद्धा वरून घासायची आणि त्याला वाटायचं ही पण चुकीची. हाताला ॲल्युमिनियमची कड लागून रक्त आलं. अडीच वाजले, साडेतीन वाजले. घराला चार मोठी भोकं, त्यातून धूळ आत, मशीनचा आवाज आत, आणि एक कबूतर तर आत येऊन फ्रिजवर बसलं. शालनबाई त्याला टॉवेलनं हाकलत होती आणि धम्मपाल काच छातीशी धरून जमिनीवर बसला तो बसलाच.

शेवटी परत नवनाथला फोन करून सगळं सांगितलं.

"आठही काढल्या?" नवनाथ म्हणाला. "खूण न करता? एकदम?"

"हो."

"कंपनीत आहात ना तुम्ही?"

"कसं ओळखलं?"

"कंपनीवाले सगळे असंच करतात भाऊ." आणि असा खो खो हसला! मग हसू आवरून म्हणाला, "उद्या सकाळी येतो. सगळ्या मापून लावाव्या लागतील. आता हात लावू नका, काचा आडव्या पडतील असं काही करू नका, आणि तुम्ही झोपा बरं, आवाज कसातरीच येतोय तुमचा."

झोपा म्हणे!

मिनल, म्हणजे धम्मपालची बायको, पिंपळे सौदागरला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. ती सहाला आली. दारातच थांबली. पडदे काढलेले, हॉलमध्ये सगळीकडं काचा, नवरा मधोमध मांडी घालून बसलेला, सासू हातात टॉवेल घेऊन फ्रिजकडं बघतेय.

"अहो, हे काय?" मग एक काच बघितली, दुसरी बघितली, आणि सासूसमोरचं अहो-जाहो गेलं उडत. "एक खिडकी बंद करायची होती ना? तू चार उघड्या केल्यास!"

"उद्या येणारे माणूस."

"उद्या येणारे. आणि आज? आज झोपलास का तू? दिवसभरात एक मिनिट?"

त्यानं रक्त लागलेला हात पँटला पुसला.

"सुट्टी घे मग. फोन कर आणि सांग बरं नाही."

"नको."

"का नको? एक रात्र गेली तर कंपनी बुडते का?"

"आज सुट्टी घेईन. उद्या? रविवारी ऑफ मिळेल, सोमवारी परत हेच. आणि समोर किसनच असणार."

"कोण किसन?"

आणि मग ते बाहेर आलं. सगळं. मान कशी कलली, डोळे उघडले तेव्हा काय दिसलं, चार बोटं. सांगताना त्यानं हाताची चार बोटं आडवी धरून दाखवली. मिनल खालीच बसली, चपला तशाच पायात.

"बुधवारी?" ती म्हणाली. "आणि गुरुवारी परत त्याच गाडीवर बसलास तू?"

"बसलो."

शालनबाईनं टॉवेल खांद्यावर टाकला. "किसन म्हंजे लोडर ना रे?"

"हो."

"तुझे पप्पा पण लोडरच होते."

  धम्मपालनं मान वर केली, आईकडं बघितलं, आणि मग फोन घेतला. त्याचा शिफ्टचा सुपरवायझर साहेबराव. रिंग गेली तेव्हा मिनल त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"बोल धम्मपाल."

"साहेब, आज मला गाडीवर बसवू नका."

"का रे? काय झालं?"

"झोप होत नाही साहेब. तीन-चार दिवस झाले. परवा मला डुलकी लागली आणि किसन समोर होता. थोडक्यात वाचला."

तिकडं साहेबरावनं पंखा बंद केला. 

"किसन काही बोलला नाही मला."

"तो नाही बोलणार. म्हणून मी सांगतोय."

"आणि हे तू मला आज सांगतोस." साहेबराव चिडला होता, आणि चिडायलाच पाहिजे होता. "ऐक. चावी मी दुसऱ्याला देतो. परत तुला कधी देईन, देईन की नाही, ते आत्ता विचारू नको."

"नाही विचारत."

"तू ये. खोक्यांवर स्टिकर लाव. आणि उभ्यानं लाव रे भावा, बसलास की झोपशील."

फोन ठेवल्यावर त्याला आधी आईकडं बघवेना. नांदेडपर्यंत सांगितलेली गाडी ती. "चावी गेली आई," तो म्हणाला.

"जाऊ दे." तिनं काचा सरकवून भिंतीशी एका माणसापुरती जागा केली, सतरंजी टाकली. "पाठ टेक आधी."

मिनलनं हॉलच्या खिडकीला जुनी चादर बांधली, एक टोक पडद्याच्या दांड्याला, दुसरं कपाटाच्या कडीला. वारा आला की चादर फुगायची आणि खाली बसायची. समोर मिक्सर चालूच होता. कंपनीच्या बसला अजून तीन तास होते.

"किती वाजता उठवू?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट बघत गाठ मारत राहिली.  वळून बघितलं तर त्याचा एक हात सतरंजीच्या बाहेर, फरशीवर पालथा पडलेला, आणि तो घोरत होता.