निकालाची नाडी

टायरच्या दुकानावरच्या लांबट खोलीत त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. साठ खुर्च्या, शंभरावर माणसे, आणि त्यांतल्या बहुतेक नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या मुली. बुधवारी त्यांनी परिचर्या परिषदेची परवाना परीक्षा दिली होती. निकाल पंधरा दिवसांनी लागायचा होता, आणि त्या धास्तीने चार दिवसांतच त्या अर्ध्या झाल्या होत्या. कुणासोबत आई आली होती, कुणासोबत नवरा. खालून रबराचा उग्र वास येत होता, डोक्यावर पंखा कण्हत होता, आणि एवढ्या गर्दीत कुणी साधे खोकतही नव्हते.

समोरच्या चौथऱ्यावर निकालबाबा नाडी पाहत होता. ही नाडी माणसाची नव्हती, निकालाची होती.

त्याच्या अंगात डॉक्टरांसारखा पांढरा डगला होता. पुढ्यात स्टीलचा किडनी ट्रे होता. वॉर्डात ओकणाऱ्या रोग्याच्या तोंडाखाली धरतात, तोच. परीक्षार्थीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी तो डाव्या तळहातावर ठेवी, तिच्यावर उजव्या हाताचा अंगठा दाबी आणि डोळे मिटी.

"क्षीण आहे," तो समोरच्या चष्मेवाल्या मुलीला म्हणाला. "फार क्षीण आहे गं, बाळ. निकाल नापासाकडे कलंडलाय. पण धुगधुगी शिल्लक आहे. मी फिरवतो."

मुलीला हुंदका फुटला. तिने गळ्यातली साखळी काढून ट्रेमध्ये ठेवली आणि सभेने समाधानाचा निःश्वास टाकला. मागच्या परीक्षेच्या वेळी बाबाने तेवीस जणींच्या चिठ्ठ्या ठेवून घेतल्या होत्या, त्या तेवीसच्या तेवीस पास झाल्या होत्या. ज्यांच्या चिठ्ठ्या त्याने परत केल्या, त्यांतली एकही पास झाली नव्हती. दोन वर्षांत एकदाही चूक नाही. हा महिमा लोक एकमेकांना इतक्या वेळा सांगून चुकले होते, की आता तो सांगताना आवाज आपोआप खाली येई.

दाराशी थोरली उभी होती. सर्जिकल वॉर्डची ती अकरा वर्षांपासून इन्चार्ज सिस्टर. ड्यूटी संपल्यावर इथे ये, एवढाच निरोप धाकट्या बहिणीने पाठवला होता, म्हणून ती आली होती. तिची नजर पहिल्याप्रथम त्या अंगठ्यावर गेली. नाडी अंगठ्याने पाहायची नसते, हा नर्सिंगचा पहिल्या आठवड्याचा धडा. अंगठ्याला स्वतःचा ठोका असतो. पाहणारा स्वतःचीच नाडी मोजत बसतो. त्या खोलीतल्या प्रत्येकीने या चुकीसाठी कधी ना कधी बोलणी खाल्ली होती. तरी कुणाचा ओठ हलला नाही. थोरलीला शिसारी आली. बाबाची आली त्याहून अधिक त्या शहाण्या, शिकलेल्या, हात जोडून बसलेल्या शांततेची आली.

मग धाकटीचा क्रमांक पुकारला गेला.

बाबाने चिठ्ठी घेतली, अंगठा टेकवला, आणि घाण लागल्यासारखा झटकन उचलला. "ही मी ठेवत नाही. तुझ्या हातांवर एका म्हाताऱ्याचा शेवटचा श्वास आहे, बाळ. या हातांनी यापुढे रोग्याला शिवू नकोस. तुझा परवाना तर जाईलच, त्यांचा जीवही जाईल."

धाकटीने चिठ्ठी दोन्ही हातांत घेतली आणि ती खाली उतरली. ती दाराकडे निघाली तेव्हा रांगेतल्या मुलींनी आपापले पाय आत ओढून घेतले. कालपर्यंत ज्या तिच्याबरोबर एका डब्यात जेवत होत्या, त्यांनीच.

सोमवारी धाकटीने प्रशिक्षणार्थी म्हणून असलेल्या जागेचा राजीनामा लिहून मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवला. मेट्रनबाई जुन्या आणि समजूतदार होत्या. पुढच्या सोमवारी वर पाठवते म्हणाल्या आणि तो खणात टाकला. पण धाकटी वॉर्डात गेली नाही. ती घरी बसून हात धूत राही. शस्त्रक्रियेपूर्वी वापरायच्या औषधी साबणाची बाटली तिने आणून ठेवली होती. तासातासाला कोपरापर्यंत हात घासायचे, पुसायचे, उलटेपालटे करून पाहायचे आणि पुन्हा नळ सोडायचा. बुधवारपर्यंत तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या आणि टॉवेलावर रक्ताचे ठिपके दिसू लागले.

महिन्यापूर्वी तिच्या ड्यूटीवर एक वृद्ध गृहस्थ वारले होते. त्यांचे हृदय निकामी होत आले होते. आता हाती काही राहिले नाही, असे डॉक्टरांनी घरच्यांना आधीच सांगितले होते. थोरलीने हे तिला दहा वेळा समजावले. धाकटीचे एकच म्हणणे होते.

"मग त्याला कसं कळलं, ताई?"

थोरली या प्रश्नापाशी दोन दिवस अडली. तिसऱ्या दिवशी तिने नळ स्वतः बंद केला, बहिणीला खुर्चीवर बसवले आणि पुढ्यात कागद घेतला. "ड्यूटी बदलताना पेशंटचा हॅण्डओव्हर देतेस ना, तसं सांग. खालच्या जिन्यापासून, क्रमाने. काही गाळायचं नाही. आणि वेळेसकट सांग. वेळ नसेल तर ती नोंदच नव्हे."

धाकटी सांगू लागली. सव्वाअकराला पोहोचले. दारातल्या पोऱ्याने मोबाइल बंद करायला लावून टोपलीत ठेवून घेतला. म्हणे लहरी विस्कटतात. मग एक फॉर्म भरला. त्यात परीक्षेचा क्रमांक, ग्रह पाहण्यासाठी जन्मतारीख, आणि शेवटी 'मनावरचा भार दोन ओळींत लिहा' असे होते. मग पाऊण तास डोळे मिटून बसवले.

"दोन ओळींत काय लिहिलंस?"

धाकटीने टॉवेल हातांभोवती गुंडाळला.

"सांग ना."

"वॉर्डातल्या त्या आजोबांचं लिहिलं होतं," ती हळूच म्हणाली. मग, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावे तशी, ती पुढे म्हणाली, "ताई, हे मी साफ विसरलेच होते."

पण निकालाचे काय? तो तर तिने लिहून दिला नव्हता. थोरलीने तिचा मोबाइल मागून घेतला आणि रविवारचे संदेश एकेक करून पाहिले. त्यांत परिषदेचा एक होता. आपल्या क्रमांकावर फेरपरीक्षेचा अर्ज उघडण्यात आला आहे, तो पूर्ण भरावा. वेळ अकरा बावन्न. धाकटीने तो अपशकुन समजून बंद करून टाकला होता. पण अकरा बावन्नला हा मोबाइल टोपलीत होता, तोही बंद. मग तिच्या क्रमांकावर अर्ज उघडला कुणी?

थोरलीने चष्मेवालीला फोन लावला. हो, तिलाही संदेश आला होता, बारा वाजून चार मिनिटांनी. आपल्या क्रमांकावर फेरपरीक्षेचा अर्ज स्वीकारता येत नाही. ती कौतुकाने सांगत होती की बाबांचा पहिला प्रसाद म्हणून तिने तो जपून ठेवला आहे.

दुसऱ्या दिवशी थोरलीने परिषदेच्या मदत केंद्राला फोन केला. चाळीस मिनिटे सनई ऐकवल्यावर एक कारकून बोलू लागला. त्याने कंटाळलेल्या आवाजात सगळे सांगितले. उत्तरपत्रिका यंत्र तपासते. तिसऱ्या दिवशी गुण संगणकात चढतात. पुढे सह्या, शिक्के आणि छपाई यांत पंधरवडा जातो.

"आणि पास झालेल्याला फेरपरीक्षेला कशाला बसवायचं, बाई? म्हणून संकेतस्थळावर क्रमांक आणि जन्मतारीख घातली तरी त्याचा अर्ज उघडतच नाही. नापासाचा उघडतो."

"म्हणजे निकाल तिसऱ्याच दिवशी कळतो."

"कळत नाही," कारकुनाने दुखावल्या सुरात दुरुस्ती केली. "निकाल पंधराव्या दिवशीच जाहीर होतो."

थोरलीने फोन ठेवला. ढोंग उघडे पडल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तो झाला नाही. त्या माणसाला काहीही फिरवावे लागत नव्हते. ज्या मुली पास होऊन चुकल्या होत्या त्यांनाच तो नापासाची भीती घालत होता, आणि त्यांचाच घाम त्यांना प्रसाद म्हणून परत देत होता. ज्या नापास, त्यांचा त्याला उपयोग नव्हता. पण त्या तोंड उघडतील ही भीती होती, म्हणून त्यांच्या पदरात तो एकेक पाप टाकून देई. आपल्या हातून माणूस मेला असे ज्याला वाटते, तो तक्रार करायला जात नाही.

हे सांगून पटणार नव्हते, डोळ्यांनी दाखवायला हवे होते. ऑपरेशन थिएटरमधल्या एका उंच मुलीने परीक्षा दिली होती. रांगेत उभे राहण्याचा कंटाळा, म्हणून ती बाबाकडे गेली नव्हती. तिच्या संमतीने थोरलीने तिचा क्रमांक आणि जन्मतारीख परिषदेच्या संकेतस्थळावर, फेरपरीक्षेच्या पानावर घालून पाहिली. अर्ज उघडला नाही. उंच मुलीने तिथल्या तिथे उडी मारली, आणि मग तो क्रमांक आणि जन्मतारीख एका कागदावर लिहून दिली. तो कागद गेला वॉर्डातल्या मावशींकडे. मावशी वीस वर्षे वॉर्डाची फरशी पुसत होत्या, आणि त्यांच्या जिभेला सगळे डॉक्टर वचकून असत.

"पास करतोय तर पगारही वाढवून द्यायला सांगा त्याला," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या रविवारी धाकटीला थोरलीने जवळजवळ ओढतच नेले. एकदाच चल, मग राजीनाम्याविषयी मी अवाक्षर काढणार नाही, असा शब्द दिला तेव्हा ती निघाली. दोघी मागच्या रांगेत बसल्या. गर्दी मागच्यापेक्षा जास्त होती. चष्मेवाली तर पुन्हा नुसत्या दर्शनाला आली होती. फळीच्या आडोशामागून पोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणून बाबासमोर ठेवी. थोरलीने या खेपेला नीट पाहिले. काही चिठ्ठ्यांना टाचणी वरच्या कडेला होती, काहींना बाजूला. वरची टाचणी असेल तर बाबाच्या अंगठ्याला धुगधुगी लागे. बाजूची असेल तर पाप लागे.

चष्मा घरी राहिला असे सांगून मावशींनी त्या कागदावरून फॉर्म पोऱ्याकडूनच भरून घेतला होता; आता त्या चौथऱ्यावर चढल्या. बाबाने त्यांच्याकडे क्षणभर जास्त पाहिले. "या वयात नर्सिंग?"

"हौस, महाराज."

चिठ्ठीला टाचणी वरच्या कडेला होती. बाबाचा अंगठा टेकला आणि डोळे मिटले. "क्षीण आहे. पेपर तुला जड गेला, माई. शेवटच्या पानापाशी तुझा हात थरथरला होता, खरं की नाही? पण धुगधुगी आहे. मी फिरवतो. बुधवारी तू परवानाधारक नर्स होशील."

"मी पेपर दिलाच नाही," मावशी खणखणीत आवाजात म्हणाल्या. "मी फरशी पुसते. लिहिता येतं ते एवढं स्वतःचं नाव."

सभेत आधी कुणाला काही समजलेच नाही. बाबाने डोळे उघडले, हसून पाहिले. "मी तुमच्या श्रद्धेची परीक्षा घेत होतो."

"मग निकाल सांगू का?" मावशींनी विचारले, आणि मागे कुणीतरी फिसकन हसले.

तोवर थोरली आडोशापाशी पोहोचली होती. तिने फळी बाजूला सारली. आत खोक्यावर लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर परिषदेचे फेरपरीक्षेचे पान, शेजारी फॉर्मांची चळत आणि टाचण्यांची डबी. तिने लॅपटॉप उचलून सभेकडे वळवला, आणि वॉर्डात नव्या मुलींना शिकवावे तशा सावकाश आवाजात, तिसऱ्या दिवशी चढणाऱ्या गुणांपासून टाचणीच्या जागेपर्यंत सगळे सांगितले. या यंत्राला फक्त क्रमांक आणि तारीख कळते. समोर कोण बसले आहे ते कळत नाही. बाबालाही कळत नाही. मग तिने सगळ्यांना आपापले रविवारचे संदेश पाहायला सांगितले.

टोपलीभोवती झुंबड उडाली. मोबाइल सुरू होऊ लागले, आणि एकेक चेहरा उतरत गेला.

एक आई अजून हटून बसली होती. तिची मुलगी गेल्या खेपेला पास झाली होती. "तुम्ही काहीही म्हणा, आमचं तर खरं झालं."

"तुमची मुलगी या जिन्यावर चढली तेव्हाच पास झालेली होती," थोरली म्हणाली. "तिच्या अभ्यासाचं श्रेय तिला द्या हो. या माणसाला कशाला देता?"

चष्मेवाली उठली, चौथऱ्यावर गेली आणि बाबापुढे हात पसरून उभी राहिली. आपली साखळी परत मिळेपर्यंत ती तिथून हलली नाही. तिच्यामागे रांग लागली, आणि त्या रांगेतूनच तक्रारीच्या कागदावर सह्या झाल्या.

परतताना धाकटी जिन्यात थांबली. "म्हणजे मी नापासच आहे ना, ताई?"

खोटा दिलासा देणे सोपे होते. थोरलीने तो दिला नाही. "हो. नापास आहेस."

"आणि आजोबा?"

"त्यांचं हृदय थकलं होतं. शेवटी तू त्यांचा हात धरून बसली होतीस. तुझ्या हातांवर काही असेल तर तेवढंच आहे." मग ती म्हणाली, "औषधांच्या मात्रांची गणितं मात्र तुला कधीच धड आली नाहीत. तिथेच बुडाली असशील."

धाकटीला रडता रडता हसू आले. सोमवारी मेट्रनबाईंनी खणातला कागद तिच्या हाती परत दिला. बुधवारी निकाल लागला. ती सहा गुणांनी नापास होती, आणि गेले होते ते मात्रांच्या गणितांतच. भेगाळलेल्या बोटांना मलम लावून तिने त्याच दुपारी फेरपरीक्षेचा अर्ज भरला आणि संध्याकाळच्या ड्यूटीला ती वॉर्डात हजर झाली.

नापास होणे ही एक घटना आहे. तिला कारण असते, आणि कारणाला उपाय असतो. पापाला उपाय नसतो, म्हणून ढोंगी माणूस घटनेचे पाप करून विकतो. तेव्हा कुणी आपल्या मनातले अचूक ओळखले, तर हात जोडण्याआधी क्षणभर थांबावे आणि आपणच त्याला काय सांगून बसलो ते आठवावे. ज्याचा एकही दावा कधी चुकत नाही, त्याने कोणते दावे केलेच नाहीत, जसे खऱ्या नापासाला पास करून दाखवण्याचा, तेही मोजून पाहावे. एवढ्यासाठी फार विद्या लागत नाही. वीस वर्षे फरशी पुसणाऱ्या बाईलाही ते साधते. विचारायचे धैर्य तेवढे लागते, आणि ते प्रत्येकाला स्वतःच आणावे लागते.