देसाच्या खिडकीखालची कप्पी

मान वर करा, मित्रांनो. अजून वर. तिसऱ्या मजल्यावर, हिरव्या झडपांच्या खिडकीखाली भिंतीतून गंजलेलं लोखंड बाहेर आलेलं दिसतं ना, ती मी. कपड्यांच्या दोरीची जुनी कप्पी. फोटो काढायचा असेल तर काढा. माझे निघाले तेवढे या गावातल्या कुठल्या संताचेही निघाले नसतील. पण नंतर थोडं थांबा आणि ऐका.

माझा जन्म दुब्रोव्निकच्या बंदरावरचा. मोडीत निघालेल्या एका मच्छीमार नावेचं लोखंड लोहाराने तापवलं, ठोकलं आणि त्यातून दोन कप्प्या काढल्या. एक मी. दुसरी समोरच्या भिंतीवर गेली. आमच्या मध्ये गल्ली, आणि ती इतकी अरुंद की खिडकीतून खिडकीत मीठ देता यावं. दोघींवरून एकच दोरी फिरायची. या गावात अशी दोरी एकट्याची नसतेच. अर्धी या खिडकीतल्या देसाची होती, अर्धी समोरच्या येलेची.

चादरी, मोजे, लंगोट, काय काय वाहिलं मी! देसाच्या बहिणीचा मुलगा ओर्सात, त्याची दुपटी माझ्यावरूनच गेली. बहीण लवकर वारली आणि पोर देसानेच वाढवलं. दर शनिवारी देसा ऑलिव्हच्या तेलात चिंधी बुडवून मला पुसायची.

"तुझी कप्पी तुझ्यासारखीच कुरकुरते गं," येले समोरून ओरडायची.

"आणि तुझी मुकी झालीये. तू बोलायला जागा ठेवशील तेव्हा ना!"

मित्रांनो, त्या दोरीला एक भाषा होती. बाकी सगळे कपडे काढून एकच काळा एप्रन गल्लीच्या बरोबर मध्यावर सरकवला, की त्याचा अर्थ, "माझ्याकडे ये. आत्ता." समोरून दोरीला दोन हिसके बसायचे. म्हणजे, "निघाले." गावाला वेढा पडला त्या वर्षी वर तोफगोळे होते आणि खाली नळाला पाणी नव्हतं. येलेचा नवरा जिन्यात कोसळला. एप्रन मध्यावर आला, देसाने दोन हिसके दिले आणि धुराने भरलेल्या गल्लीतून ती धावत गेली. माणूस वाचला. त्याबद्दल कोणी कोणाचे आभार मानले नाहीत. शेजाऱ्याचे आभार मानायचे नसतात.

वेढा उठला. पुढे जहाजं आली, मोठाली, सात मजली, पोटात हजारो पर्यटक घेऊन. तोफांना जे जमलं नव्हतं ते या जहाजांनी केलं. गाव रिकामं झालं. येले वारली, तिच्या मुलांनी घर विकून टाकलं. दाराला आकड्यांचं कुलूप लागलं. दर तीन दिवसांनी तिथे नवी माणसं यायची आणि दोरीवर पोहण्याच्या चड्ड्या टाकायची. बेकरीच्या जागी आईस्क्रीम आलं, चांभाराच्या जागी प्लास्टिकच्या तलवारी. बारा महिने राहणारी या गल्लीत देसा एकटी उरली. मला तेल लावायला वाकणंही तिला जमेना. मी गंजले.

आणि ओर्सात गाईड झाला. जहाजातून सकाळी उतरलेल्या लोकांना एका दिवसात गाव दाखवायचं. त्याच्या तोंडाशी माइक, लोकांच्या कानात त्याचाच आवाज ऐकवणारं यंत्र. आमच्या खाली मुक्काम चार मिनिटं. "हे बघा, खरं दुब्रोव्निक!" असं म्हणून तो वर बोट करायचा.

"मावशी, दोरीवर जरा बरं काहीतरी टाक ना," तो एकदा जेवताना म्हणाला. "नुसते पायजमे असतात. फोटोत बरं दिसत नाही."

"माझे पायजमे बघायला एवढा समुद्र ओलांडून येतात होय रे? मग तिकीट लावते."

"थट्टा नको. जुनं काहीतरी टाक. लोकांना जुनं आवडतं."

"मग मलाच टांग दोरीवर. माझ्याहून जुनं काय आहे घरात?"

पण भाच्यासाठी तिने आजीची लेस लावलेली चादर काढली. मग भरतकामाचे टॉवेल. कपडे कोरडेच असायचे. कोरडे कपडे वाळत घालताना ती माझ्याकडे बघायची नाही.

जूनमधल्या एका सकाळी देसा खिडकीत आली ती भिंत धरत. ओठ निळे पडले होते. फोन आतल्या खोलीत होता, आठ पावलांवर. खिडकी दोन पावलांवर होती. तिने काळा एप्रन चिमट्याने लावला आणि दोरी ओढली. मी किंचाळले. एप्रन गल्लीच्या मध्यावर गेला. समोरून हिसका येईल म्हणून ती दोरी धरून उभी राहिली. मग खाली बसली. मग आडवी झाली.

दहा वाजता ओर्सातचा पहिला गट आला. त्याने वर बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला. त्याने ती प्रथा सगळी सांगितली. एक शब्द चुकला नाही. एप्रन, मध्य, दोन हिसके, वेढा, जिना. पंचवीस फोन वर झाले.

एका परदेशी म्हातारीने विचारलं, "मग आत्ता कोणी बोलावतंय का?"

ओर्सात हसला. "नाही हो! वर माझी मावशी राहते. तुमच्यासाठी टांगलाय तिने. हौशी आहे." आणि वर हात हलवून ओरडला, "थँक्यू, मावशी!"

पंचवीस माणसं एका सुरात ओरडली, "थँक्यू, मावशी!"

आतून देसाने हाक मारली, "ओर्सात." मी ऐकली. खालच्यांच्या कानात यंत्रं होती, आणि ओर्सात माइकवर पुढचं सांगत होता.

अकराला दुसरा गट आला. साडेबाराला तिसरा. समोरच्या खिडकीतल्या पाहुण्यांनीही वाकून फोटो काढले. दोरी त्यांच्या हाताला लागत होती. दोन हिसके, मित्रांनो, एवढंच हवं होतं. मी काय करणार? कोणी ओढलं तरच मला आवाज फुटतो.

पाच वाजता ओर्सात मावशीसाठी चेरी घेऊन जिना चढला. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत जीव होता. ओर्सातने विचारलं, "दुपारी किती वाजेपर्यंत?" तो पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिला.

आता तो या गल्लीत पाय ठेवत नाही. दुसरे गाईड येतात. दोरी त्यांनी नवी बसवली, काळा एप्रनही विकत आणला आणि तो आता कायमचा मध्यावर टांगलेला असतो. देसाची गोष्ट सांगतात. चार मिनिटांत बसते. लोक हळहळतात आणि फोन वर करतात.

मित्रांनो, माझं लोखंड आणखी काही वर्षांत झडून जाईल. मला रंग लावू नका, काचेत ठेवू नका. दुसऱ्याच्या गावात जाल तेव्हा खिडकीमागे माणूस आहे का, ते विचारा. आणि सांगणारा हसून उत्तर देत असेल, तर कानातलं यंत्र काढा आणि जिना चढून वर जा.