सरळ गेलेली रांगोळी

आमच्या दारातून रांगोळीची एक पांढरी रेघ बाहेर गेली होती. सासूबाईंना गुरुवारी अशी हुक्की येते, म्हणून मी ती जपून ओलांडली, घरात आले आणि कुकर लावला. रांगोळीवर पाय पडू नये एवढंच डोक्यात. ती जातेय कुठे, हे बघायची बुद्धी काही सुचली नाही.

"आनंदी कुठेय?" मी विचारलं.

"बाहेर नाही दिसली? मघाशी रांगोळीचा डबा घेऊन गेली. भूमितीचा अभ्यास आहे म्हणाली," सासूबाई म्हणाल्या.

माझी मुलगी सहावीत आहे. वर्गात बाईंनी शिकवलं की रेषा कधी वळत नाही आणि तिला शेवटही नसतो. झालं! तेव्हापासून आमचं डोकं खाल्लंय. शेवट नाही म्हणजे काय? कोणी जाऊन बघितलंय का?

मी तशीच धावत सुटले. आमचं घर तळमजल्यावर, आणि गेटमधून सरळ निघालं की काशीमीऱ्याचा हायवे. रेघ पार्किंगमधल्या गाडीखालून गेली होती, कुंड्यांमधून गेली होती, पण वळली कुठेच नव्हती. गेटपाशी शेजारच्या हेमालीबेन भाजी घेत होत्या.

"आनंदी? अभी तो गई. नीचे देख के चल रही थी. मैंने आवाज दी, सुना ही नहीं."

खाली बघत! मी गेटबाहेर पळाले.

बाहेर रिक्षांच्या चाकांनी रेघ पुसून टाकली होती. गॅरेजसमोर एक ठिपका उरला होता, रसाच्या गाडीपाशी दुसरा. पहिल्यावर उभी राहून मी दुसऱ्यावर नजर धरली आणि तशीच पुढे नेली. नजर थेट ट्रकांच्या चाकांत गेली. सिग्नल बाजूला होता, पण सरळ रेषा सिग्नलकडे वळत नाही, आणि माझी पोरगी बाईंचं सांगणं मोडत नाही.

मी त्याच दिशेने धावले. हायवेच्या कडेला एक कंटेनर उभा होता. त्याच्या पलीकडे ती दिसली, अगदी काठावर, रिकामा डबा छातीशी धरून.

मी दंडाला धरून तिला मागे ओढलं. धपाटा घालायला हात उचलला होता, पण ती थरथरत होती.

"ट्रकला घाबरलीस ना?"

"ट्रकला नाही गं." तिने हायवेपलीकडच्या डोंगराकडे बोट दाखवलं. "रांगोळी संपली म्हणून मी थांबले. रेषा नाही थांबली. एकटीच पुढे गेली. आई, ती अजून जातेय?"

नाही म्हणायला हवं होतं. तोंडातून "हो" निघून गेलं.

तिने माझ्या पोटात तोंड खुपसलं आणि रडायला लागली. ट्रकांची भीती मला कळत होती. ट्रक निदान येतात आणि निघून जातात. आता मीही त्या डोंगराकडे बघत होते, आणि मला तिथून पोरीला घेऊन पळावंसं वाटत होतं.