विहिरीतला तांबडा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना हातोडा आहे. बारामतीच्या एका लोहाराने मला घडवले आणि इंद्रजित सरांच्या हाती दिले. सर विद्यापीठात ज्वालामुखींचा अभ्यास करत. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. त्याच्या दोन थरांच्या मधे तांबडी माती सापडली, तर मधल्या काळात ज्वालामुखी हजारो वर्षे शांत होता असे मानतात. असे थर शोधत आम्ही इंदापूर तालुका पालथा घातला.

वीस वर्षांपूर्वी कळस गावात द्वारकाबाईंच्या विहिरीत उतरलो. सरांचे मत आधीच ठरले होते, की इथे एकच अखंड थर आहे. काठावरून बाई म्हणाल्या, "सायेब, खाली पान्याजवळ तांबडा पट्टा हाय. हीर खणताना म्या सोता बघितलाय."

सरांनी खाली वाकून एक घाव घातला. मी खणकन वाजलो नाही, मऊ मातीत रुतलो. माझ्या तोंडाला तांबडे लागले. सरांनी ते पाहिले, रुमालाने पुसले आणि म्हणाले, "वरचा गाळ ओघळलाय, बाई."

तिथे एकच अखंड थर आहे, असा लेख सरांनी छापला आणि त्या लेखाने त्यांचे नाव झाले. मला विभागात काचेच्या कपाटात ठेवले. मुले कौतुकाने पाहायची आणि मी शरमेने काळवंडायचो. त्या खोट्याचा मी साक्षीदार होतो.

गेल्या उन्हाळ्यात विहीर आटली. सरांची विद्यार्थिनी रेश्मा तळापर्यंत उतरली आणि फोटो घेऊन आली. हातभर जाडीचा तांबडा पट्टा! सरांनी फोटो हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले, "मला माहीत होतं, रेश्मा. तेव्हाच माहीत होतं."

दुसऱ्या दिवशी मला पिशवीत घालून ते कळसला गेले. द्वारकाबाई आता थकल्या होत्या. सर हात जोडून म्हणाले, "बाई, तुम्ही खरं सांगत होता. मी खोटं लिहिलं."

बाई म्हणाल्या, "मला वाटलं, येवढा शिकल्याला मानूस म्हनतोय तर माझंच डोळं चुकलं आसत्याल. पुन्ना कुनाला सांगितलं न्हाय बगा."

सरांची मान वर झाली नाही. पिशवीत मलाही तोंड लपवावेसे वाटले.

सरांनी जुना लेख मागे घेतला. लोक हसले, एक पुरस्कारही परत करावा लागला. नवा लेख रेश्माच्या नावाने आला. त्यात छापले होते, 'हा थर प्रथम द्वारकाबाईंनी पाहिला.' रेश्माने द्वारकाबाईंच्या अंगणात बसून ती ओळ वाचून दाखवली. बाई म्हणाल्या, "पुन्ना वाच की."

मित्रांनो, मला तेल लावा किंवा गंजू द्या, माझी तक्रार नाही. पण चूक दिसली की त्याच दिवशी कबूल करा. आम्हाला वीस वर्षे लागली, आणि तेवढी वर्षे एक बाई स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत जगली.